स्वतःलाच आलेला निरोप

१

उबवणीच्या यंत्राचं दार उघडलं की एरवी चिवचिवाट अंगावर यायचा. एप्रिलमधल्या त्या दुपारी दादासो सलगरनं दार उघडलं, तेव्हा आतून नुसती गरम हवा आली. त्यानं ट्रे ओढून बघितले. कितीतरी अंड्यांना आतून चोचीनं तडे गेले होते आणि पिल्लं तिथंच, निम्मी आत निम्मी बाहेर, मरून पडली होती. पंख्याचा पट्टा तुटला होता. बाहेर यायच्या बेताला आलेली पिल्लं स्वतःच ऊब टाकत असतात. पंखा थांबला की त्याच उबेत ती शिजतात. अशा वेळी भोंगा वाजवणं हे शेजारच्या खोलीतल्या संगणकाचं काम. तो भोंगा वाजलाच नव्हता. संगणकाच्या पडद्यावर आकडे होते, पण थांबलेले. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा थांबलं होतं.

ही १९९८ सालची गोष्ट. बारामती-इंदापूर रस्त्यावर निमगाव केतकीच्या अलीकडं प्रयागबाईंची हॅचरी होती. प्रयागबाईंच्या सासऱ्यापर्यंत घरात मेंढरं होती. नवऱ्यानं मेंढरं विकून कोंबड्या आणल्या, आणि नवरा गेल्यावर बाईंनी कोंबड्यांची हॅचरी केली. त्या दिवशी मेलेली पिल्लं कळंबच्या आसपासच्या बायकांच्या बचत गटांना जायची होती. बायकांनी खुराडी बांधून ठेवली होती.

दादासोला त्याच संध्याकाळी कामावरून बंद केलं. आठवड्यानं बारामतीच्या वकील यशोदा पेंडसे चौकशीसाठी एसटीनं फाट्यावर उतरल्या.

यशोदाबाई नोकरीधंद्यातले खटले चालवत. पन्नाशीला आलेल्या, आवाज हळू, आणि साक्षीदार बोलत असताना त्या कधी लिहीत नसत. लिहायला लागलं की माणूस सावध होतो, असं त्यांचं मत होतं. कामगारावर आरोप असला की मालक बाहेरचा माणूस चौकशीला नेमतो. तशी ही नेमणूक होती.

प्रयागबाईंनी त्यांना केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि सरळ विषयाला हात घातला.

"वकीलबाई, पोरगा कऱ्हाटीचा हाय. गरीब घरचा म्हणून मीच घेतला व्हता. पर हे चुकून झालेलं न्हाय. कुणीतरी मशीन मुद्दाम बंद पाडलंय. तुमी एकदा सांगा त्यानंच केलंय, की मी पोलिसात देते."

"आणि त्यानं केलेलं नसेल तर?"

"अद्वयकडं पुरावा हाय," प्रयागबाई म्हणाल्या. "बोलवू?"

अद्वय साठे चोविसेक वर्षांचा, पुण्याहून आलेला. हॅचरीतले चार संगणक आणि त्यांना जोडणारी वायर त्यानंच बसवली होती. एक संगणक उबवणीच्या यंत्राशेजारच्या खोलीत, दादासोच्या ताब्यात, दुसरा त्याच्या स्वतःच्या टेबलावर, तिसरा या केबिनमध्ये आणि चौथा रस्त्यापलीकडच्या खाद्याच्या गोडाऊनमध्ये.

"मॅडम, उबवणीचा संगणक याआधीही तीन-चार वेळा असाच गोठला होता," तो म्हणाला. "यंत्रात दोष नव्हता. म्हणून मी माझ्या संगणकावर एक पहारेकरी बसवला. म्हणजे एक प्रोग्रॅम. वायरीवरून जो निरोप जाईल तो कुणाकडून कुणाला गेला, हे तो टिपून ठेवतो. त्या दुपारी उबवणीचा संगणक गोठला, त्याच क्षणी त्याला एक विचित्र निरोप आला होता."

"कुणाकडून?"

अद्वयनं एकदा प्रयागबाईंकडं बघितलं.

"पाठवणाऱ्याच्या जागी त्याच संगणकाचा, म्हणजे दादासोच्याच संगणकाचा पत्ता आहे. दुसऱ्या कुणाचा नाही."

२

दादासो झाडाखाली बसून होता. तीस-बत्तीसचा, रुंद खांद्याचा. शर्ट धुतलेला, पण इस्त्री नसलेला. त्याची बायको सिंधुबाई बरोबर आली होती. ती लांब, पाण्याच्या टाकीपाशी उभी होती आणि तिथून हलली नाही.

यशोदाबाईंनी त्याला आत न बोलावता तिथंच पारावर बैठक मारली.

"मशीनवर पत्ते खेळत होतास, असं म्हणतात."

"व्हय," तो म्हणाला. "मागं एकदा. अद्वयसायबांनी बघितलं, वराडले. तवापासनं न्हाय."

"त्या दुपारी?"

"त्या दुपारी मी मशीनपाशी नव्हतोच. अंड्यांची गाडी आली व्हती. हमाल कमी, म्हणून मी उतरवाय गेलो. गाडीवाल्याला इचारा, हमालांना इचारा. म्हटलं काय झालं तर भोंगा वाजंल. त्यो वाजवायलाच तर ठेवलाय."

"भोंगा वाजला नाही."

"मशीनच मेलं तर भोंगा कोण वाजवणार?" दादासोचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "बाई, मी दार उघडलं तवा काही जित्ती व्हती. मी हातानं टरफलं फोडली. फोडायची नसत्यात, मला ठावं हाय, पर फोडली. एक न्हाय वाचलं."

यशोदाबाईंनी त्याच्या हातांकडं बघितलं.

"तुझ्या संगणकावरून निरोप गेला, असं अद्वय म्हणतो."

"मला निरोप पाठवाय येत न्हाय. मला चालू करता येतं, बंद करता येतं आन् आकडं वाचता येत्यात."

"आधी काही लावून ठेवलं असशील, तू गेल्यावर आपोआप चालेल असं. असंही तो म्हणतो."

न केलेली गोष्ट केली नाही, हे सिद्ध कसं करायचं, ते त्याला कुठून ठाऊक असणार? त्यानं बायकोकडं बघितलं.

"गावात कुणी बोलत न्हाय आमच्याशी," तो म्हणाला. "दुसऱ्या हॅचरीवाल्याकडून खाल्लंय म्हणत्यात. सिंधीला बायका पाण्यावर इचारत्यात, नवं घर कवा बांधताय."

यशोदाबाईंनी विषय बदलला. "संगणकावर इतका भरवसा टाकून खोली सोडलीस. संगणक यायच्या आधी यंत्रांवर लक्ष कोण ठेवायचं?"

"तात्याबा. प्रयागआक्कांचं दीर. हातात थर्मामीटर घेऊन फेरी मारायचं. संगणक आला तरी त्यांची फेरी चालू व्हती."

"मग त्या दुपारी तात्याबांची फेरी झाली नाही?"

दादासो चमकल्यासारखा झाला. एवढ्या दिवसांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"कशी व्हनार?" तो म्हणाला. "आदल्या सांजंलाच आक्कांनी त्यांची फेरी बंद केली न्हवं का."

३

तात्याबा साठीचे, किडकिडीत. टोपी मांडीवर ठेवून बसले. फेरीचा विषय काढल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आधी उजेड आला.

"चार बारी मशीन झोपलं, वकीलबाई. चारी बारी मीच उठवलं. फेरीला गेलो की पडद्यावर बघायची सवय. बघतो तर घड्याळ थांबलेलं. लगी अद्वयला हाक मारायची. एकदा तर वैनीनं समद्यांम्होरं सांगितलं, मशीनपरीस आमचं भावजी खरं."

"दर वेळी तुमच्या फेरीच्या आधीच गोठलं होतं?"

"थोडंच आधी. घड्याळ नुकतंच थांबलेलं असायचं. पांडुरंगाची किरपा म्हणायची."

"मग फेरी बंद का केली?"

उजेड गेला. तात्याबांनी टोपी फिरवली.

"अद्वयनं पहारेकरी बसवला न्हवं. आता मशीन का झोपतं ते कळंल, दुरुस्त व्हईल, मग माणसाला उनातानात कशाला पळवायचं, असं वैनी म्हणाली. वाईट न्हाय बोलली. बसून खावा म्हणाली. अद्वय व्हता, दादासो व्हता. मी हो म्हटलं."

"दुसऱ्या दिवशी घरीच होतात?"

तात्याबा दाराकडं बघायला लागले.

"डबा घेतला, सायकल काढली आन् निमगावच्या स्टँडवर जाऊन बसलो," ते शेवटी म्हणाले. "घरात सांगायला जीभ रेटंना. कारभारणीला वाटलं, गेले कामावर. पोरालाबी तेच वाटलं. एसट्या बघत बसलो. मग कुणीतरी आलं, म्हणालं, हॅचरीत पिल्लं मेली. मी हितं असतो तर मेली नसती, बाई. पट्टा तुटला की वास येतो रबराचा."

त्यांचा मुलगा शंभूराज गोडाऊनवर कामाला होता. बारामतीच्या कॉलेजातून पदवी घेतलेला, बोलणं निम्मं शहरातलं, निम्मं गावातलं. यशोदाबाई रस्ता ओलांडून त्याच्याकडं गेल्या. गोडाऊनमध्ये खाद्याच्या गोण्यांची थप्पी होती आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकचं आवरण घातलेला संगणक. त्यानं खुर्ची पुसून दिली.

"त्या दुपारी तुम्ही इथंच होता?"

"इथंच. खाद्याच्या गाड्यांची नोंद करत होतो."

"पलीकडं ओरडा झाला, तो ऐकू आला असेल."

"आला की. पण मी लगेच उठलो नाही. म्हटलं, तात्या हायतच तिथं."

"दादासो कसा वाटतो तुम्हाला?"

शंभूराजनं गोणीच्या शिवणीतला एक दोरा ओढला. "चांगला माणूस हाय, मॅडम. त्यानं केलं असेल असं मला वाटत नाही. थोरल्या आईला, म्हणजे प्रयागआक्कांना, मी तसं सांगितलंसुद्धा."

आरोपीची बाजू घेणारा हा पहिलाच माणूस. यशोदाबाईंना तो आवडला.

परतीच्या एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. सणसरपर्यंत त्या स्वस्थ बसून होत्या. पुढच्या बाकावर एक बाई आपल्या लेकीच्या वागण्याबद्दल एकटीच बडबडत होती, तोंडातल्या तोंडात. शब्द काही कळत नव्हते. यशोदाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग एकदम ताठ बसल्या. अद्वयच्या पुराव्यात काय खुपत होतं, ते त्यांच्या ध्यानात आलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या थेट अद्वयच्या टेबलापाशी गेल्या.

"मला संगणकातलं कळत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या ऑफिसात एक आहे, त्याला माझा कारकूनच हात लावतो. म्हणून साधं विचारते. तुमचा पहारेकरी नेमका कुठं बसलाय?"

"वायरीवर, मॅडम. चारही संगणक एकाच वायरीला आहेत. तिच्यावरून जे जातं ते सगळं त्याला दिसतं."

"संगणकाच्या पोटात जे चालतं, ते दिसतं?"

"नाही. ते कसं दिसेल?"

"आता समजा, मी माझ्या मनाशीच काही बोलले. तुम्हाला ऐकू येईल?"

"नाही."

"दादासोच्या संगणकानं स्वतःलाच एक निरोप पाठवला. तो निरोप वायरीवर येईल?"

अद्वय "हो" म्हणायला गेला आणि थांबला. त्यानं चष्मा काढला, परत घातला.

"नाही," तो म्हणाला. "स्वतःचा पत्ता दिसला की संगणक निरोप आतल्या आतच फिरवतो. बाहेर सोडतच नाही."

"पण तुमच्या पहारेकऱ्यानं तो वायरीवर बघितला."

अद्वयच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणजे तो बाहेरून आला," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या कुणीतरी पाठवला, आणि पाठवणाऱ्याच्या जागी दादासोच्या संगणकाचा पत्ता घातला."

"असं घालता येतं?"

"येतं. पाकिटावर मागच्या बाजूला कुणाचंही नाव लिहिता येतं, तसंच. पण मॅडम, खोट्या पत्त्यानं संगणक गोठायचं काय कारण? मला पुण्याला फोन करू द्या."

पुण्यात त्याचा एक मित्र इंटरनेटवर बसून असायचा. फोन लागायला वेळ लागला, आणि लागल्यावर अद्वय बराच वेळ नुसतं "हं, हं" करत होता. फोन ठेवला तेव्हा तो गुन्हेगारासारखा दिसत होता.

"ही फट हिवाळ्यापासून जगाला माहीत आहे," तो म्हणाला. "दोष ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आहे, म्हणजे संगणक ज्याच्या जोरावर चालतो त्या मूळ प्रोग्रॅममध्ये. बाहेरून कुणी हाक मारली की संगणक 'ओ' देतो आणि समोरच्याच्या 'ओ'ची वाट बघतो. इथं हाक मारणाऱ्याचा पत्ता त्याचा स्वतःचाच. मग तो स्वतःलाच 'ओ' देतो, ती 'ओ' त्यालाच परत मिळते, तो पुन्हा उत्तर देतो. त्यातच गुंतून पडतो. दुसरं काही करायला त्याला सवडच उरत नाही. भोंगा वाजवायलाही नाही. एक एवढासा निरोप पुरतो. यात चोरी नाही, मोडतोड नाही. बंद करून चालू केला की संगणक पुन्हा धडधाकट. म्हणून मला आधीच्या वेळी काहीच सापडलं नाही."

"यावर उपाय?"

"आहे. दुरुस्तीचा छोटा प्रोग्रॅम निघालाय. मी बसवला नव्हता. मला माहीतच नव्हतं." तो उठून उभा राहिला. "दादासोला मी अडकवलं, मॅडम."

"ते नंतर. आधी मला सांगा, पाठवणारा कोण? दादासोचा संगणक सोडला तर तीन उरतात."

"प्रयागबाईंची केबिन बंद होती. त्या दिवसभर इंदापूरला होत्या आणि किल्ली त्यांच्या कमरेला असते." अद्वयनं आपल्या टेबलाकडं बघितलं. "राहिले दोन. गोडाऊनमधला आणि हा माझा."

५

यशोदाबाईंनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. प्रयागबाई खुर्चीत, तात्याबा बाकावर, अद्वय भिंतीला टेकून. दादासो दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही. शंभूराज सगळ्यात शेवटी आला, हाताला लागलेलं खाद्य झटकत.

"दादासोनं हे केलेलं नाही," यशोदाबाई म्हणाल्या आणि कारण सांगितलं. अद्वयनं मान डोलावली. प्रयागबाईंनी एकदा दाराकडं बघितलं आणि नजर वळवली.

"मग कुनी?"

"मी आधी कोण हे शोधलंच नाही. त्याला काय हवं होतं, ते शोधलं. पिल्लं मारायची असतील तर संगणक कधी बंद पाडावा? तात्याबांची फेरी नुकती होऊन गेली की. म्हणजे पुढच्या फेरीपर्यंत कुणी फिरकणार नाही. पण हा माणूस दर वेळी फेरीच्या तोंडावर संगणक गोठवत होता. म्हणजे तो लगेच कुणाच्या तरी लक्षात यावा, नुकसान होऊ नये, अशी त्याची इच्छा होती. आणि लक्षात कुणाच्या येणार? तात्याबांच्या."

"माझ्या?" तात्याबा म्हणाले.

"दर वेळी संगणक खोटा ठरला आणि तुम्ही खरे ठरलात. कुणाला तरी तेवढंच हवं होतं."

प्रयागबाई दिराकडं बघायला लागल्या.

"त्या दुपारीही त्यानं तेच केलं. नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखं. म्हणजे थोड्या वेळात तात्याबा येतील अशी त्याची खात्री होती. फेरी आदल्या संध्याकाळीच बंद झाली, हे त्याला माहीत नव्हतं. प्रयागबाई, फेरी बंद केल्याचं कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"मी, भावजी, अद्वय, दादासो. हितंच बोललो आमी."

"अद्वयला ठाऊक होतं. त्यानं हे केलं असतं, तर संगणक गोठल्यावर कुणीही येणार नाही, हे समजून उमजून केलं असतं. आणि स्वतःच बसवलेल्या कामावर स्वतःच धोंडा घातला असता. त्याला त्यातून काय मिळणार? मग ज्याला माहीत नव्हतं असा, आणि ज्याच्यासमोर संगणक आहे असा, कोण राहतो?"

प्रयागबाई सावकाश म्हणाल्या, "पोराला मी सांगितलं न्हाय. म्हटलं, बाप सांगंल."

"बाप डबा घेऊन घरातून बाहेर पडला," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आणखी खाली आला होता. "शंभूराज, तुम्ही मला काल म्हणालात, ओरडा ऐकूनही उठलो नाही, तात्या आहेतच तिथं. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं. संगणकापाशी बसणाऱ्यांत त्या दिवशी असं वाटणारे तुम्ही एकटेच होता."

शंभूराजनं नाकारलं नाही. तो एकदम बोलत सुटला. पुण्यातल्या त्याच्या एका मित्रानं फ्लॉपीवर तो प्रोग्रॅम दिला होता, गंमत म्हणून. पहिल्यांदा नुसतं बघायला चालवला. संगणक गोठला, आणि तात्यांनी तो उठवला. "त्या रात्री तात्या जेवताना बोलत व्हते," तो म्हणाला. शहरातलं बोलणं गळून पडलं होतं. "म्हयनाभर घरात बोलले नव्हते. संगणक आल्यापासनं नुसते बसून राहायचे. त्या रात्री आईला सगळं रंगवून सांगितलं, कसं घड्याळ थांबलं, कसं मी वळखलं. म्हणून परत केलं. फेरीच्या आधी थोडंच, कुणाचं काय बिघडू नये म्हणून. त्या दिवशी पट्टा तुटंल हे मला काय ठावं?"

"आन् आठ दिवस दादासो घरी बसला, ते ठावं व्हतं न्हवं?" प्रयागबाई म्हणाल्या.

शंभूराजची मान खाली गेली. "त्याच्या बाजूनं बोललो मी."

"खरं न्हाय बोललास."

तात्याबा उठले होते. ते पोरापाशी गेले. मारतात की काय असं यशोदाबाईंना वाटलं. पण ते नुसते उभे राहिले.

"मला सांगायचं व्हतंस," ते म्हणाले.

"तुमी तरी कुठं सांगितलं, तात्या?"

तात्याबा परत बाकावर जाऊन बसले आणि टोपी डोक्यावर घालायचं विसरून हातात धरून राहिले.

प्रयागबाईंनी यशोदाबाईंकडं बघितलं. एकीकडं पुतण्या आणि दीर होते, दुसरीकडं पोलिसांचं नाव आठ दिवस त्यांच्याच तोंडी होतं. "काय करू, वकीलबाई?"

"मला दादासोनं केलं की नाही एवढंच सांगायचं होतं, ते सांगितलं. आठ दिवस ज्याचे गेले, त्याला विचारा."

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. दादासो चौकटीला धरून उभा होता.

"पोलीस नको," तो म्हणाला. "कामावर मी येनार. पर आधी ह्यानं कऱ्हाटीला यावं. माझ्या गावात. जिथं मला बोलत न्हाईत, तिथं येऊन सांगावं."

६

रविवारी सकाळी कऱ्हाटीच्या देवळापुढं माणसं जमली. प्रयागबाईंनी जीप काढली होती. तात्याबा पुढं बसून आले. यशोदाबाईंना यायचं कारण नव्हतं, फी त्यांना मिळाली होती. तरी त्या बारामतीहून पहिली एसटी पकडून आल्या आणि बायकांच्या बाजूला पायरीवर बसल्या. अद्वयही आला. आदल्या दिवशी त्यानं चारही संगणकांवर दुरुस्ती बसवली होती, आणि तात्याबांची फेरी पुन्हा चालू झाली होती. ती प्रयागबाईंकडं अद्वयनंच मागितली होती.

दादासो पुरुषांत बसला होता, जरा कडेला. त्याच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. सिंधुबाई बायकांत, पदर घट्ट आवळून.

शंभूराज उभा राहिला. घरून त्यानं पुष्कळ जुळवाजुळव करून आणली असावी. संगणक, वायर, निरोप, फट, अशी त्यानं सुरुवात केली, आणि दोन-चार वाक्यांत लोक एकमेकांकडं बघायला लागले. एका म्हाताऱ्यानं तंबाखूची डबी काढली. शंभूराज थांबला. त्यानं बापाकडं बघितलं. तात्याबा त्याच्याकडंच बघत होते, पण मदतीला आले नाहीत.

"पिल्लं दादासोमुळं मेली न्हाईत," शंभूराज म्हणाला. शब्द जेमतेम बाहेर आले. "त्यानं कुणाचं काय खाल्लं न्हाय. मशीन मी बंद पाडलं व्हतं. माझ्यामुळं मेली. आन् कळत असून मी गप बसलो."

पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी माना हलवल्या. कुणीतरी खाकरलं. शंभूराज खाली बसायला वळला.

"थांबा," सिंधुबाई म्हणाली.

ती उभी राहिली होती. सगळ्या गावासमोर उभं राहून बोलायची तिची ही पहिलीच वेळ असावी. तिचा हात शेजारणीच्या खांद्यावर होता. तिनं मागं वळून बघितलं, पार शेवटच्या रांगेपर्यंत, जिथं पाण्यावरच्या बायका बसल्या होत्या.

"मागच्यांना ऐकू गेलं न्हाय," ती शंभूराजला म्हणाली. "परत सांगा. मोठ्यानं."

शंभूराजनं श्वास घेतला आणि मोठ्यानं सांगितलं.